जुनी मोटर किती पळते?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय वाचून हसाल. वाशिमचा माणूस आणि बोटीच्या मोटरीवर लिहितोय! पण आमच्याकडे समुद्र नसला तरी पैनगंगा आहे, आणि ती फुगली की काठच्या गावांना बोटच आठवते.

झालं असं, की भाच्याच्या मित्रमंडळाने वर्गणी जमवली आहे. रबरी बोट मिळाली, आता मागे लावायची मोटर हवी. एकाकडे जुनी 40 हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक आहे. त्याने व्हिडिओ पाठवला. त्यात एकटा माणूस बसलाय आणि बोट पाण्यावरून उडतेय. पोरं खूश! "मामा, नवीन फोर-स्ट्रोकपेक्षा फास्ट आहे."

आता पोरांचं म्हणणं सरळ खोटं नाही, हे आधी कबूल करतो. आरएक्स 100 चालवलेल्या माणसाला टू-स्ट्रोकची झेप काय असते हे सांगावं लागत नाही. 40 च्या टू-स्ट्रोक मोटरचं वजन साधारण 70-75 किलो, तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक 95-100 च्या घरात. लहान बोटीच्या शेपटीवर पंचवीस किलो कमी म्हणजे फरक पडतोच. एकट्या माणसाला घेऊन शर्यत लावली तर जुनी जिंकेलही.

पण मोटर खरंच जुनी असेल तर तिच्यावरचा आकडा जपून वाचा. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच कंपन्या ताकद इंजिनाच्या क्रँकपाशी मोजत. नंतर ती पंख्याच्या दांड्यापाशी मोजू लागले. मधल्या गिअरमध्ये काही ताकद खर्च होते, म्हणून जुने 40 आणि नवे 40 सारखे नसतात.

आणि वेग खरा ठरतो पंख्याच्या पिचवर, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल त्यावर. समजा इंजिन 5500 फेरे घेतंय आणि गिअर निम्मे करतोय, तर पंख्याचे 2750. पिच 13 इंच असेल तर हिशेबाने ताशी 54 किलोमीटर. पाण्यात पंखा घसरतो, त्याचे पंधरा टक्के वजा केले तर 46. व्हिडिओतली बोट बहुधा अशीच पळत असेल.

आता तिच्यात आठ माणसं बसवा. एक म्हातारी, दोन लेकरं, एखादी शेळीसुद्धा (शेळी सोडून कोणी येत नाही, हे पूर पाहिलेल्यांना माहीत आहे). तोच 13 चा पंखा आता इंजिनाला झेपत नाही. फेरे चढत नाहीत, म्हणून पूर्ण ताकद मिळत नाही, आणि बोट पाण्यावर उचलली जात नाही. न उचललेली तेरा फुटी बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास अडखळते. पुराची धार तेवढीच असेल तर? मोटर बोंबलतेय आणि बोट जागच्या जागी! तिथे 10 इंची पंखा हवा. त्याने वेग 42 च्या पुढे हिशेबातही जात नाही, पण ओझं घेऊन बोट उठते.

असो. वेगापेक्षा मला धास्ती वेगळीच आहे. मोटरीला थंड ठेवणारं पाणी एक छोटा रबरी पंप ओढतो. मोटर वर्षानुवर्षं पडून राहिली की ते रबर कडक होतं, पाकळ्या मोडतात. पुराच्या गाळाने तर लवकरच. मग मोटर तापून मधेच बंद. बेशरमाच्या फांद्या पंख्यात अडकतात ते निराळंच.

म्हणून माझं मत असं. व्हिडिओ बघून पैसे देऊ नका. रबरी पंप नवीन बसवून घ्या, सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा, दोन पंखे मागा. मग परवानगी काढून, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून, एकबुर्जीच्या पाण्यावर आठ जणांच्या वजनाची वाळूची पोती भरून पळवा. विकणारा "पोती कशाला?" म्हणाला तर तिथूनच परत या.

भाचा हे वाचेलच. बाळा, सात पोती भर. आठवं मी येतो, माझं वजन 86 आहे :-)