आपल्या पणज्यांनीही चित्रे नेसली होती

मंडळी, आजचा धागा एका पुसून टाकलेल्या छायाचित्रापासून सुरू करते.

माझी मामेबहीण लासलगावची. गेल्या महिन्यात ती मुंबईच्या एका कलादालनात अमूर्त चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेली. जाण्यापूर्वी तिने निमंत्रणपत्रिकेवरचे चित्र न्याहाळले, गावातल्याच दुकानातून मोहरी रंगाची साधी साडी घेतली आणि शिंप्याकडून पदरावर काळ्या कापडाचे तीन तिरके पट्टे लावून घेतले. त्या चित्रासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र तिने सर्वांसाठी टाकले. संध्याकाळपर्यंत आमच्याच पंचक्रोशीतल्या लोकांनी खाली लिहिले होते: चित्र बघायला गेली होतीस की स्वतःला दाखवायला? एका गृहस्थांनी तर आपल्या आज्या-पणज्यांनी असली थेरे केली नाहीत, असा निर्वाळाच दिला. रात्री तिने ते छायाचित्र काढून टाकले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. दुसरे विधान मात्र इतिहासाविषयी आहे, आणि ते चुकीचे आहे.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली, ती १८९० च्या सुमारास पूर्ण झाली. ही चित्रे काढताना चित्रकारापुढे एक अगदी व्यावहारिक अडचण होती: सीतेने, दमयंतीने, शकुंतलेने नेसावे काय? केरळी नेसण पंजाबात परके, पंजाबी वेश तंजावरात परका. पुराणकाळाचा वेश शोधण्यासाठी रविवर्मा उत्तरेत हिंडले. सर्वांना आपला वाटेल असा एकच पोशाख काही त्यांना सापडला नाही. अखेर त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर मराठी वळणाची नऊवारी आली. राजवाड्यात लागण्यापूर्वी ही चित्रे लोकांसाठी मांडली गेली आणि ती पाहायला गर्दी लोटली. १८९४ मध्ये रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जे पाहायला प्रदर्शन गाठावे लागे, ते आता देवघरात आणि दुकानाच्या गल्ल्यामागे लटकू लागले.

इथे थोडे रेंगाळावेसे वाटते. कासोट्याचे लुगडे हे राबणाऱ्या देहाचे वस्त्र होते. त्यात वाकता येते, पाटी उचलता येते, चिखलात उतरता येते. आमच्या बाजार आवारात कांदा निवडायला बसलेल्या वयस्कर बायांकडे पाहिले की, हे पुस्तकावाचून कळते. नेसण्याची तीच रीत रेशमात आणि जरीत बुडवून चित्रकाराने नायिकेला दिली. ती छापून घराघरांत गेली आणि घरातल्या बाईने भिंतीकडे पाहून निरी सारखी केली. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, हे मला तरी सांगता येत नाही. ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून आज ज्या प्रतिमेसमोर आपण हात जोडतो, तिच्या घडणीत प्रदर्शन, छापखाना आणि बाजार या तिघांचाही वाटा आहे.

रंगभूमीने यावर कळस चढवला. बालगंधर्वांनी रुक्मिणी, सुभद्रा, भामिनी उभ्या केल्या. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, त्यांची केसांत फुले माळण्याची पद्धत यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. म्हणजे आपल्या पणज्यांसमोर नेसण्याचा जो आदर्श होता, तो अनेकदा एका पुरुषाच्या अंगावर होता! परंपरेचे दाखले देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

पुढची कडी कोल्हापूरची. १९२९ मध्ये जन्मलेल्या भानू राजोपाध्ये जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. पण पोट भरायचे तर नियतकालिकांसाठी कपड्यांची रेखाटने करणे भाग होते. त्यातून त्या कपडे घडवण्याकडे आणि तिथून चित्रपटांकडे वळल्या. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला, आणि भिंतीवरची ती वस्त्रे पडद्यावरून थेट स्नेहसंमेलनांतल्या मुलींपर्यंत पोहोचली. १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या भानू अथैया त्या याच. कॅनव्हास सोडून कापडाकडे जाणे म्हणजे पायरी उतरणे, असे त्या काळी अनेकांना वाटत असावे. मला ते एकाच कामाचे दुसरे दालन वाटते.

आणि लांब कशाला जायचे? लासलगावहून येवला फार दूर नाही. तिथल्या मागावर पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरते, म्हणून नक्षी जवळपास दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. त्या पदरावरच्या कमळाचे नाते विणकर अजिंठ्याशी सांगतात. लग्नात आपण ते कमळ अंगावर मिरवतो, तेव्हा कुणीही विचारीत नाही की, लग्नाला आलीस की लेणी दाखवायला.

माझा आक्षेप आहे तो वेगळ्याच जागी. रविवर्मा यांच्या चित्रांच्या नकला दिनदर्शिकांवर छापल्या गेल्या, तेव्हा चित्रकाराचे नाव बहुधा गळून पडले. आज पैठणीची नक्षी यंत्राने छापलेल्या स्वस्त साड्यांवर येते, तेव्हा विणकराचे नाव तर सोडाच, त्याची मजुरीही गळते. चित्र अंगावर घेण्यात मला काही गैर दिसत नाही, ते निनावी करण्यात दिसते. बहिणीच्या छायाचित्राखालीही चित्रकाराचे नाव नव्हते, आणि पट्टे बेतणाऱ्या शिंप्याचे तर नव्हतेच. टीका करणाऱ्या एकालाही ते खटकले नाही.

ती साडी सध्या माझ्या कपाटात आहे, कारण मामीला ती घरात नको आहे. पुढच्या महिन्यात बहीण पुन्हा मुंबईला जाणार आहे, या वेळी मीही सोबत जाईन. दोन्ही नावे लिहून ठेवायला सांगितली आहेत.