१०:२६:२६ वाचता येतं, मग १०डब्ल्यू-३० का नाही?



आज पिकाबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायला जाणं, खताचं पोतं, फवारणीचा पंप, दुधाची किटली, बाजाराचं डाग, सगळं मोटरसायकलवर. नांगर-पाभरीइतकंच ते अवजार आहे. आणि या अवजाराला आपण जेवढं अडाण्यासारखं वागवतो तेवढं दुसऱ्या कशालाच वागवत नाही.

परवा खताच्या दुकानात उभा होतो. गावातल्या एका पोरानं पोत्यावरचा आकडा दोनदा वाचला. १०:२६:२६ पाहिजे, १२:३२:१६ नको, म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली. बरं वाटलं. तिथून तोच पोरगा शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "गाडीचं ऑइल द्या एक." दुकानदार म्हणाला, "कुठलं?" हा म्हणाला, "द्या कुठलंही, चांगलं असलं म्हणजे झालं."

मी हसलो नाही. कारण तीन वर्षांमागं मी याच्यापेक्षा मोठी चूक केलेली आहे.

जूनचा महिना होता. ट्रॅक्टरचं तेल बदललं आणि कॅनमध्ये लिटरभर नवं तेल उरलं. म्हटलं, तेल ते तेल, तीन-साडेतीनशे रुपये वाचले. माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं जुनं तेल काढलं आणि हे ओतलं. आठ-दहा दिवस काही कळलं नाही. मग पाऊस झाला, वाफसा आला आणि पेरणीच्या ऐन घाईत मागं डीएपीची दोन पोती बांधून निघालो. कॅनॉलच्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. क्लच सुटलेला. मिस्त्रीनं उघडलं तर क्लचप्लेटा घासून, जळून गेलेल्या. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "दादा, तेल कुठलं टाकलं होतं?" प्लेटा, मजुरी, परत नवीन तेल, खर्च हजाराच्या वर गेला. त्याचं दुःख नाही. दोन दिवस गाडीविना गेले, तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि निम्म्या रानाचा वाफसा हातचा गेला. त्याचं दुःख आहे.

असं का झालं ते समजून घ्या. ट्रॅक्टरच्या इंजिनचं तेल फक्त इंजिनात असतं. त्याचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं तेल वेगळं. आपल्या मोटरसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लचप्लेटा एकाच तेलात बुडालेल्या असतात. म्हणजे तेलाला दोन उलटी कामं एकदम करायची असतात. पिस्टन-बेअरिंगला घसरतं ठेवायचं आणि क्लचप्लेटांची पकड मात्र सुटू द्यायची नाही. बऱ्याच कारच्या तेलात इंधन वाचावं म्हणून जास्त निसरडेपणा देणारं मिश्रण घातलेलं असतं. कारचा क्लच तेलात नसतो, म्हणून तिथं ते चालतं. आपल्या गाडीत तेच मिश्रण प्लेटा घसरवतं. म्हणून मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर "जासो एमए" किंवा "जासो एमए२" असं लिहिलेलं असतं. ही तेलातल्या क्लचसाठीची जपानी खूण आहे. "जासो एमबी" लिहिलेलं असेल तर ते स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो. माझ्या त्या ट्रॅक्टरच्या कॅनवर यातलं एक अक्षर नव्हतं. मी बघितलंच नव्हतं, हा भाग निराळा.

औषधाच्या बाटलीवर आपण लेबल क्लेम बघतो, कुठल्या पिकाला, कुठल्या किडीला. जासो एमए म्हणजे तेलाचा लेबल क्लेम समजा.

आता आकडे. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. हे खतासारखे टक्के नाहीत, हा तेलाचा दाटपणा आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका कमी तितकं तेल थंडीत पातळ राहतं आणि पहाटे किक मारल्याबरोबर इंजिनात लवकर वर चढतं. दुसरा आकडा म्हणजे तेल १०० अंशाला तापल्यावर किती दाट राहतं. इंजिनची जास्त झीज चालू करतानाच्या त्या सुरुवातीच्या क्षणांत होते, तेल वर पोचेपर्यंत. म्हणून पहिला आकडाही महत्त्वाचा.

आपल्याकडं एक म्हणणं पक्कं बसलंय, "इथं ऊन बेचाळीस, दाट तेलच पाहिजे." माझं स्पष्ट मत आहे की हे अर्धवट आहे. इंजिनातल्या फटी किती बारीक ठेवायच्या आणि त्यात कुठलं तेल फिरवायचं हे गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. शंभर सीसीच्या कितीतरी गाड्यांना १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, तर काही कंपन्या स्वतःच २०डब्ल्यू-५० सांगतात. एकाच गल्लीत दोन गाड्या, दोघींची तेलं वेगळी. शेजाऱ्याच्या कपाशीला चाललं म्हणून तुमच्या हरभऱ्याला तेच औषध मारता का? मग गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढा. हरवलं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल सांगून विचारा. ग्रेड आणि किती मिली, दोन्ही एका कागदावर लिहून टूलबॉक्समध्ये ठेवा.

महागडं सिंथेटिक घ्यावं का, हे मला बरेच जण विचारतात. पुस्तकात सांगितलेला ग्रेड आणि जासोची खूण असेल तर साध्या गाडीला साधं तेल पुरतं. सिंथेटिक वाईट नाही, ते उष्णतेत जास्त टिकतं. पण महाग तेल दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा साधं तेल वेळेवर बदललेलं बरं, असं माझं मत. आणि "मायलेज वाढवणारी" म्हणून जी छोटी बाटली तेलात घालायला देतात, तिच्या नादी लागू नका. निसरडेपणा वाढवणारं काही असलं की परत क्लचचाच प्रश्न.

बदलायचं कधी? पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात. साधारण तीन हजार ते सहा हजारांच्या दरम्यान, गाडीप्रमाणं. पण ते आकडे सरळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे आहेत. आपली गाडी दिवसातून सहा वेळा दोन-दोन किलोमीटर जाते. इंजिन नीट तापायच्या आत बंद. मग आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता तेलात मिसळत राहतं. थंडीत तेलाचं झाकण उघडल्यावर आत पांढरट साय दिसते ती याचीच. वर धूळ, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ओझं ओढणं. मी तर पुस्तकातला आकडा थोडा कमीच धरतो, आणि किलोमीटर भरोत न भरोत, वर्षातून दोनदा बदलतो. एकदा पेरणीच्या आधी, एकदा दिवाळीनंतर. तारीख आणि किलोमीटर खतांच्या वहीतच लिहितो. दर हजार किलोमीटरला बदला म्हणणाराही असतो, तेही ऐकू नका. ते पैसे वाया आणि जळकं तेल वाढतं ते वेगळं.

तेल काळं पडलं म्हणून लगेच घाबरू नका. इंजिनातली घाण धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे, त्यात ते काळं होतं. बघायची ती पातळी. माझ्या भाच्यानं रंग बघितला, पातळी कधीच बघितली नाही. गाडी तेल खात होती, काडीला तेल लागत नव्हतं, आणि भर रस्त्यात पिस्टन चिकटला. इंजिनकाम निघालं. महिन्यातून दोनदा तरी सपाट जागेवर गाडी मेन स्टँडला लावा, तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, काडी पुसून परत घाला आणि बघा. बहुतेक गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. ज्यांना काच आहे त्यांनी गाडी सरळ उभी धरून काचेत बघायचं. वरच्या खुणेच्या वर तेल भरू नका. जास्त तेलाला फेस येतो आणि ते एअर फिल्टरकडं जातं.

घरी बदलायचं तर इंजिन कोमट करा, भाजेल इतकं नको. खालचा बोल्ट काढताना त्याला बरोबर बसणाराच रिंग पाना लावा. बोल्टाचा वायसर बघा, चेपला असेल तर नवा टाका. बसवताना अंगातली ताकद दाखवू नका, इंजिनचं भांडं अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की दुरुस्ती महागात पडते. नवा डबा घेताना सील बघा आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी भोक पाडा. नाहीतर त्याच डब्यात काहीतरी भरून परत आपल्याच गळ्यात येतं.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं. ते काढलेलं जळकं तेल जातं कुठं?

मी खरं सांगतो. मी ते बांधावरच्या हरळीवर ओतलंय, मेढींना वाळवी लागू नये म्हणून लावलंय, गाडीच्या चेनला लावलंय, आणि एकदा बैलाच्या गोचिडांवरही लावलंय. यातलं आता एकही करत नाही. त्या तेलात झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो, तो चेनला वंगण नाही, कानस आहे. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. जनावराची कातडी त्यानं जळते आणि जनावर चाटून ते पोटात घेतं. गोचिडासाठी डॉक्टरला विचारा. आणि मातीत ओतलं की कणांवर तेलाची पापुद्री बसते, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, तिथं बी नीट उगवत नाही. पावसात वाहून ते ओढ्याला, ओढ्यातून विहिरीला. सेंद्रिय कर्ब वाढावा म्हणून आपण ट्रॉलीनं शेणखत टाकतो आणि बांधाशी डबाभर जळकं तेल ओततो, हा कुठला हिशोब? सरकारच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं, ते उगाच नाही.

मी पाच लिटरचा एक कॅन ठेवलाय. भरला की तालुक्याच्या गॅरेजला देतो, त्यांचा ड्रम तेल शुद्ध करणाऱ्यांकडं जातो. पण प्रत्येकानं तालुक्याला जावं ही अपेक्षा चुकीची आहे. विकास सोसायटीच्या गोदामाशेजारी एक झाकणाचा ड्रम ठेवायला काय जातं? कृषी सहायक मंडळी हे वाचत असतील तर माझी विनंती, पुढच्या शेतीशाळेत पाच मिनिटं या विषयाला द्या. तुम्हीही दिवसभर गावोगाव मोटरसायकलवरच फिरता.

त्या पोराला मी दुकानातून बाहेर आल्यावर थांबवलं. डबा उलटा करून जासोची खूण दाखवली. ती नव्हती. तो परत आत गेला आणि डबा बदलून आणला. पोत्यावरचा आकडा वाचणाऱ्याला डब्यावरचं वाचायला दहा सेकंद लागतात, एवढंच माझं म्हणणं.

पाऊस यायच्या आत एकदा काडी बघून घ्या.