आमचा अविभक्त हिस्सा

मध्यंतरी एका चर्चासत्रात आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी 'मराठी कादंबरीतील सार्वजनिक अवकाश' या विषयावर निबंध वाचला. चावडी, पार, पाणवठा, देवळाचा सभामंडप, चाळीची गॅलरी, इराण्याचे हॉटेल असे सगळे थांबे घेत निबंध 'अवकाशाच्या आकुंचना'पाशी पोचला आणि टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. चहाच्या वेळी आम्ही सहज विचारले, "सर, तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा केव्हा असते हो?" सर हसले. म्हणाले, "कल्पना नाही. मेंटेनन्स वेळेवर भरतो, एवढे खरे."

प्रस्तुत लेख त्या उत्तराविरुद्ध आहे. सरांविरुद्ध नाही; कारण हेच उत्तर आम्ही स्वतः नऊ वर्षे देत आलो आहोत, आणि ते का देऊ नये हे आम्हांला कोणत्याही ग्रंथाने शिकवले नाही, तर एका कुलपाने शिकवले. त्या कुलपाकडे पुढे येऊच.

आम्ही मुळशी तालुक्यात राहतो. पौड रस्त्यापासून थोडे आत, एकेकाळी जिथे भातखाचरे होती तिथे आता बहुमजली इमारती आहेत, मधोमध बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे आणि भोवती कुंपणभिंत आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, भूगाव, भुकूम, पिरंगुट, कुठेही गेलात तरी हेच चित्र कमीअधिक फरकाने दिसेल. या वसाहतींत प्राध्यापक, भाषांतरकार, समीक्षक, कवी यांची संख्या लक्षणीय आहे. पुण्यात घर परवडत नाही म्हणून ही मंडळी इकडे सरकली. म्हणजे ज्यांचा व्यवसाय शब्दांचा, ती माणसे इथे राहतात, आणि तरीही इथल्या सर्वांत निर्णायक शब्दांकडे त्यांचे लक्ष गेलेले नाही.

'मेंटेनन्स' हा त्यांतला पहिला. हा शब्द आपण एखाद्या बिलाचे नाव म्हणून वापरतो. 'मेंटेनन्स भरला', 'मेंटेनन्स वाढला', 'मेंटेनन्स थकला'. या वाक्यांत देखभाल करणारा कुणीच नाही; फक्त भरणारा आहे. 'देखभाल' म्हटले की निदान कुणीतरी देखावे लागते. जुन्या सातबाऱ्यावर 'सामाईक' असा शब्द असे, आजही असतो, आणि खेड्यातल्या भावकीला त्या शब्दाचा अर्थ आणि त्यातली भांडणे दोन्ही पुरेपूर ठाऊक असतात. आमच्या वसाहतीत त्याच गोष्टीला 'अॅमेनिटी' म्हणतात. सामाईक वस्तूला मालक असतात, अॅमेनिटीला ग्राहक असतो. ग्राहकाला तक्रार करता येते, ठराव मांडता येत नाही. आम्हांला जे म्हणायचे आहे ते खरे तर एवढेच आहे: आपण आपल्याच मालमत्तेत ग्राहक म्हणून राहू लागलो आहोत, आणि ग्राहकाच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने जे केले जाते त्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते.

कायद्याचे मराठी या बाबतीत आपल्यापेक्षा जागरूक आहे. १९७० च्या अधिनियमात अपार्टमेंटला 'वेश्म' म्हटले आहे. संस्कृत काव्याबाहेर हा शब्द पाहून आम्हांला प्रथम हसू आले होते. पण त्याच व्यवहारात 'अविभक्त हिस्सा' असाही शब्द आहे आणि तो हसण्यासारखा नाही. जिना, गच्ची, बाग, पाण्याची टाकी, इमारतीखालची जमीन यांत प्रत्येक वेश्मधारकाचा हिस्सा आहे, मात्र तो वेगळा काढून दाखवता येत नाही. बागेतला आमचा वाटा हा कोपरा, तुमचा तो, असे म्हणता येत नाही. अविभक्त कुटुंबावर दोन-तीन पिढ्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या भाषेला या शब्दात काहीच दिसू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

गृहनिर्माण सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत असते. १९७० च्या अधिनियमाखालच्या संघात मताचे वजन घोषणापत्रातल्या हिश्श्याच्या टक्क्यांवर ठरते. पहिल्या पद्धतीत माणूस मोजला जातो, दुसऱ्या पद्धतीत मालमत्ता. लोकशाहीच्या इतिहासातला एक जुना वाद आपल्या तळमजल्यावरच्या कचेरीत फायलीत बंद आहे, आणि आपली वसाहत दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे हे आमच्या ओळखीच्या दहांपैकी आठ प्राध्यापकांना सांगता येत नाही. (ही गणना आम्ही चहाच्या टपरीवर केली आहे, तिला संशोधनाचा दर्जा देऊ नये.)

जमिनीच्या मालकीचे तर विचारूच नका. १९६३ च्या सदनिका अधिनियमाने बिल्डरवर संस्थेच्या नावे जमीन आणि इमारत करून देण्याचे बंधन घातले, नियमांत त्यासाठी चार महिन्यांची मुदत सांगितली. मुदत इतक्या सर्रास मोडली गेली की अखेर २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बिल्डर येवो न येवो, जिल्हा उपनिबंधकाकडून हस्तांतरण मिळवण्याची सोय करावी लागली. त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. 'मानीव' म्हणजे झाले असे मानलेले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नहालचंद लालूचंद खटल्यात सांगावे लागले की इमारतीखालच्या खांबांमधली वाहनतळाची जागा सामाईक आहे, ती बिल्डरने स्वतंत्रपणे विकायची नसते. २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक क्षेत्राची मालकी रहिवाशांच्या संघाकडे सोपवण्याचे बंधन नव्याने घातले. इतकी वर्षे कायदा आपल्यामागे धावतो आहे की 'अहो, हे तुमचे आहे', आणि आपण म्हणतो, आम्ही मेंटेनन्स भरतो.

यावर एक शहाणा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सामाईक ते कुणाचेच नसते, म्हणून ते एखाद्या व्यावसायिक संस्थेकडे सोपवावे आणि आपण आपल्या अभ्यासाला लागावे. याच्या पाठीशी गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा निबंध हमखास उभा केला जातो: सामाईक कुरणात प्रत्येक जण एक गुरे जास्तीचे सोडतो आणि कुरण संपते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात याला जे उत्तर दिले त्याकडे मात्र कुणी वळत नाही, जरी त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनी कुरणे, पाटाचे पाणी, मासेमारीची जागा असे प्रत्यक्ष चाललेले सामाईक व्यवहार तपासले आणि दाखवले की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, एकमेकांवर नजर ठेवली, भांडण मिटवण्याची स्वस्त जागा ठेवली, तर कुरण शतकानुशतके टिकते. हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. आमच्या लिफ्टमध्येही कुणी बोलत नाही, हा भाग वेगळा.

आणि व्यावसायिक व्यवस्थापनाचा दाखला हवा असेल तर दूर जायला नको, तो आमच्याच तालुक्यात आहे. मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे गावाच्या जागी लवासा उभे राहिले. २००८ मध्ये शासनाने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारा आणि बांधकामाला परवानगी देणारा एकच झाला. तिथे निवडून आलेला नगराध्यक्ष असणार नव्हता, अमेरिकेतून आणलेला नगर-व्यवस्थापक होता. रस्ते, दिवे, पाणी, कचरा सारे कंपनी पाहणार आणि रहिवाशाने फक्त सरोवराकाठी हिंडायचे. २०१० च्या अखेरीस पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, २०१७ मध्ये तो दर्जा काढून घेतला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी तिथे घरे घेतली होती ते त्या प्रक्रियेत 'धनको' ठरले. नगरात राहायला गेलेल्या माणसाला अखेर नागरिक म्हणून नव्हे, थकलेल्या रकमेचा दावेदार म्हणून रांगेत उभे राहावे लागले. आम्हांला यात कंपनीच्या पैशाच्या गणितापेक्षा त्या शब्दबदलाचे भय अधिक वाटते.

दुसरा युक्तिवाद साहित्यिकांचा खास आहे आणि तो युक्तिवाद नसून उसासा आहे. चाळ गेली, वाडा गेला, आता काय राहिले! 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. तेव्हापासून आपण चाळीवर हसतो आहोत आणि तिच्यासाठी हळहळतोही आहोत. पण चाळीचा सामाईक नळ ही प्रेमळ वस्तू नव्हती. गावचा पाणवठा तर नव्हताच. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव होऊनही १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली, आणि त्यानंतर लाठ्या खाव्या लागल्या. तळे सार्वजनिक होते. 'सर्व' या शब्दात कोण येते हा प्रश्न होता. पार आणि पाणवठ्यावर गहिवरून निबंध वाचणाऱ्यांनी हे एक वर्ष तरी निबंधात घालावे. सामाईक जागेचा इतिहास मायेचा नाही, प्रवेशाच्या भांडणाचा आहे, आणि ते भांडण संपलेले नाही.

आता कुलपाकडे येतो.

आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंतीत एक लहान फाटक होते. भिंत बांधली जाण्यापूर्वी तिथून एक पायवाट जाई: अलीकडच्या वाडीतून पलीकडच्या भातखाचरांकडे, ओढ्याकडे आणि देवीच्या राईकडे. वाट बागेच्या कडेने राहू दिली होती, म्हणून फाटक. गेल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' ते कायमचे बंद करण्याचा ठराव झाला. आम्ही सभेला नव्हतो. आम्ही दोन मजले वर एका नियतकालिकासाठी लेख लिहीत होतो, आणि त्याचा विषय काय होता ते लिहिण्याचे धाडस आम्हांला होत नाही; सुज्ञ वाचकांनी या लेखाचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार दिवसांनी अर्धा तास उशिरा आल्या. "ताई, तुमच्या लोकांनी फाटक लावलं. आता हमरस्त्यानं फिरून यावं लागतंय." आम्ही म्हणालो, आम्हांला माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "तुम्ही नव्हता का मीटिंगला?"

नंतर इतिवृत्त मागून वाचले. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली होती आणि नंतर गणपूर्तीच्या अटीशिवाय पुन्हा भरली. उपविधींना हे मान्य आहे. हजर होते चौदा, विरोधात कुणी नाही. ठरावात शब्द आहेत 'सर्व सभासदांच्या वतीने'. म्हणजे ते कुलूप आम्हीच लावले आहे. चौदा जणांना खलनायक ठरवणे सोपे आहे आणि आमच्या मित्रमंडळींत ते ताबडतोब झालेही. पण टाकीची सफाई, लिफ्टचा करार आणि टँकरची बिले हेच चौदा जण बिनपगारी पाहतात. जो येतो त्याच्या भीतीने निर्णय होतात, कारण न येणाऱ्याची उदारता सभागृहात मोजली जात नाही.

मुळशीत हे पहिल्यांदा घडत नाही. १९२१ च्या रामनवमीला मावळे ज्या धरणाविरुद्ध उभे राहिले, सेनापती बापटांनी ज्याच्यासाठी तुरुंग पत्करला, त्या सत्याग्रहाचा इतिहास राजेंद्र व्होरा यांनी सविस्तर लिहिला आहे. त्यातली आम्हांला सर्वांत बोचलेली गोष्ट बापटांविषयीची नाही. जमीन कसणारे मावळे खोऱ्यात होते आणि त्या जमिनींवर कागदोपत्री हक्क सांगणारे अनेक सावकार पुण्यात. मावळ्यांना जमीन हवी होती, सावकारांना मोबदला. जे तिथे राहत नव्हते त्यांच्या सहीला वजन होते. धरण झाले, मुळेचे पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करायला गेले. आज त्याच तालुक्यातल्या कितीतरी वसाहती उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, आणि त्या टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो. पुण्यात बसलेला तो सावकार आणि दुसऱ्या मजल्यावर लेख लिहिणारे आम्ही, यांतले अंतर मोजण्याचा प्रयत्न आम्ही अनेकदा केला. ते हवे तितके मोठे निघत नाही.

विशेष नगर वसाहतींसाठी, म्हणजे शंभर एकरांवरच्या त्या मोठ्या प्रकल्पांसाठी, शासनाने जी नियमावली केली तिच्यात तरतूद होती की वसाहतीतील उद्याने सर्वसामान्य जनतेला कोणत्याही भेदभावाविना खुली राहतील. आमची वसाहत तेवढी मोठी नाही, हा नियम आम्हांला लागू नाही. पण ज्या वसाहतींना तो लागू आहे तिथल्या उद्यानाच्या दारावर 'फक्त रहिवाशांसाठी' असा फलक दिसला, तर तिथे राहणाऱ्या वाचकांनी आपल्या संघाकडे त्या नियमाची प्रत जरूर मागावी. आमच्या वाटेसाठी निराळा मार्ग आहे. शेतावर जाणारी वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली पौडला तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि वाडीतल्या ज्यांची खाचरे पलीकडे आहेत त्यांना ती मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. तसे झाले तर प्रतिवादींत आमचेही नाव असेल, अविभक्त हिश्श्यापुरते.

त्यापूर्वी ठराव बदलून घेता येतो का, ते पाहतो आहोत. यंदाच्या सभेसाठी आम्ही लेखी सूचना दिली आहे, सही करायला अकरा घरे हिंडलो. त्यांत तीन मराठीचे प्राध्यापक निघाले. दोघांनी सही केली. तिसऱ्यांनी कल्पना फार चांगली असल्याचे सांगितले आणि या विषयावर एखादे चर्चासत्र घ्यावे असे सुचवले. सूचना फलकावर लागली आहे, लिफ्टशेजारी. विषयपत्रिकेत आमचा विषय नाही. शेवटची ओळ तेवढी आहे: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.