खंब्यात किती ग्लास?

आमच्या ग्रुपमध्ये एक सिद्धांत आहे आणि दर शुक्रवारी कुणीतरी तो नव्याने मांडतं. "बारमध्ये कॉकटेल पिणं म्हणजे शुद्ध लूट आहे राव. तेवढ्यात घरी..." पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मीही हा सिद्धांत दोनेक वर्षं हिरिरीने मांडलाय. नुसता मांडला नाही, एक्सेलमध्ये सिद्ध केला. आज तो मागे घ्यायचाय.

आधी ते एक्सेल. नमुन्याला व्हिस्की सावर घेतलं, कारण त्यात लपवाछपवी काही नाही. ६० मिली व्हिस्की, ३० मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, बर्फ. आम्ही बसतो त्या बारमध्ये हा ग्लास ६५० रुपयांना. त्यावर १० टक्के व्हॅट (महाराष्ट्रात परमिट रूमसाठी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० टक्के झाला) आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज. हा चार्ज ऐच्छिक असतो, पण चार मित्रांसमोर "तो काढा" म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. एकूण ७८० रुपये.

घरी? ७५० मिलीचा खंबा १८०० रुपयांना, म्हणजे ६० मिलीचे १४४. लिंबं, साखर, बर्फ धरून १६५. (कायद्याने लागणारा पिण्याचा परवाना धरलेला नाही. एका दिवसाचा ५ रुपयांत आणि आजन्म १००० रुपयांत मिळतो. माझ्या ओळखीत तो एकाकडेच आहे, आणि तो तसा सगळ्याच बाबतीत सरळमार्गी आहे.)

७८० विरुद्ध १६५! दर ग्लासामागे ६१५ रुपये वाचले. हा आकडा मी किती जणांना ऐकवला असेल याची गणती नाही.

आता बारवाल्याची बाजू. हॉटेलधंद्यातला ठोकताळा असा, की ग्लासात जे ओततात त्याचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण पाचव्या भागाच्या आसपास ठेवायचा. ६५० चा पाचवा भाग १३०. म्हणजे माझ्या १६५ च्या जवळपासच की! त्याला दारू काही फुकट मिळत नाही. उरलेल्यात जागेचं भाडं, लायसन्सची लाखांतली फी, पगार, वीज, फुटलेले ग्लास. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं (२६० रुपये लिटरपर्यंत उत्पादन मूल्य असलेल्यांवर तिपटीवरून थेट साडेचार पट), तेव्हा वाईन शॉपमधली बाटलीही महागली आणि बारमधला पेगही. त्यामुळे 'लूट' हा शब्द तिथेच थोडा ढिला पडतो. पण सिद्धांत मागे घेण्याचं कारण हे नाही.

कारण असं, की घरी प्यायला लागून तीन महिने झाल्यावर मी फक्त गंमत म्हणून महिन्याचा एकूण खर्च काढला. आधी महिन्यातून दोनदा बार. दरवेळी दोन ग्लास, काहीतरी चकणा आणि जाता-येता कॅब धरून माणशी अडीच हजार. महिन्याला पाच हजार. घरी प्यायला लागल्यावर महिन्याला... साडेसहा हजार.

पहिल्यांदा वाटलं फॉर्म्युला चुकला. दोन तास बग शोधण्यात घालवले. अर्धं उत्तर सोपं होतं. ग्लास ४ चे २२ झाले होते. शुक्रवारी बसायचं, शनिवारी उरलेलं लिंबू वाया जाऊ नये म्हणून बसायचं, मधेच बुधवारी मॅच. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने लिहून ठेवलंय, की वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली तेव्हा कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. सर्व्हर स्वस्त झाले म्हणून बिल कधी कमी येत नाही, सर्व्हर वाढतात. हे मी क्लायंटला समजावून सांगतो, पण स्वतःच्या शुक्रवारला लावून बघितलं नव्हतं.

उरलेलं अर्धं मात्र जुळेना. २२ ग्लासांचे १६५ नी ३६३० होतात, वर चकणा वगैरे दीड हजार. मग सव्वा-दीड हजार गेले कुठे? बाटल्या मोजल्या. एका खंब्यात साडेबारा ग्लास बसायला हवेत, माझ्या नोंदीत जेमतेम नऊ बसत होते. आधी मित्रांवर संशय घेतला (माफ करा रे). मग बायकोवर, जी जिनशिवाय कशाला हात लावत नाही. शेवटी तिनेच शेकरच्या सेटबरोबर आलेलं पेग मेजर ड्रॉवरमधून काढून दिलं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, कारण माझा 'हात बसलेला' होता. ती म्हणाली, "नेहमीसारखं ओत. पाणी ओत, दारू नको." ओतलं. मग ते पाणी पेग मेजरमध्ये घातलं. ६० ची बाजू भरली. उलटं करून उरलेलं ३० च्या बाजूत घातलं, तीही काठाला आली.

माझा ६० मिलीचा पेग ८५ चा होता.

पैशांचं कोडं सुटलं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. महिनाभरापूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत ट्रायग्लिसराइड्सपुढे वर जाणारा बाण आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "घेता का? किती?" मी अगदी प्रामाणिकपणे, एक्सेल आठवून सांगितलं, "आठवड्याला पाच ग्लास." आता गणित करा. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के. ६० मिलीत अल्कोहोल साधारण २० ग्रॅम, ८५ मध्ये २९. ऑस्ट्रेलियात एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम. म्हणजे मी 'पाच' म्हणालो तेव्हा ती चौदाच्या वर होती. खोटं बोललो नव्हतो, फक्त मोजलं नव्हतं.

बारमध्ये हे होत नाही. तिथला पोरगा पेग मेजर काठापर्यंत भरतो, एक थेंब जास्त पडला तर मॅनेजर बघतो. आणि तिसरा ग्लास मागवायच्या आधी ७८० चा आकडा डोळ्यांसमोर येतोच. बायकोच्या शब्दांत, "बारमध्ये दुसऱ्या ग्लासनंतर तू मेनूकार्डाची उजवी बाजू वाचतोस. घरी मेनूकार्डच नाही." आपण ज्याला लूट म्हणतो त्यात या ब्रेकचेही पैसे असतात, असं माझं आता मत झालंय. घरच्या १६५ मध्ये ब्रेक येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो.

मग काय, घरी प्यायची नाही? तसं नाही. जिन, लिंबू, पाक, सोडा घालून केलेलं टॉम कॉलिन्स पुण्यातल्या कुठल्याही बारपेक्षा आमच्या बाल्कनीत बरं लागतं. पण नेग्रोनी मी आता बाहेरच पितो. त्यात जिन, कंपारी आणि गोड व्हरमूथ समप्रमाणात, म्हणजे एका ग्लाससाठी तीन बाटल्या, त्यातल्या दोन सहसा आयात केलेल्या आणि आयात शुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिलेलं. शिवाय व्हरमूथ ही मुळात वाईन. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवली तरी महिना-दोन महिन्यांत तिचा दम जातो. आमची अर्धी बाटली मार्चमध्ये सिंकमध्ये गेली, आणि तो ओतलेला पैसा एकाही ग्लासाच्या किमतीत मी धरला नव्हता. बारमध्ये तीच बाटली आठवड्यात संपते. तिथे ७८० द्यायला माझी हरकत नाही. व्हिस्की सावरला मात्र अजूनही जीव खालीवर होतो.

एक्सेलमध्ये आता 'मिली' असा एक रकाना आहे आणि पेग मेजर बर्फाच्या ट्रेशेजारी असतं. मित्र हसतात. परवा एकाने "कंजूस झालास" म्हणून स्वतःच्या हाताने ओतून घेतला, आणि मी त्याचाही ग्लास मोजला. ९५ निघाला.