गुडघ्याला नीकॅप, डोक्याला उलटी टोपी

भातकापणी उरकली की शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर टेनिस क्रिकेटचे फ्लेक्स लागतात. किन्हवली असो की सरळगाव, मांडणी ठरलेली. वर नेत्यांचे हसरे चेहरे, मध्ये चषक, स्पर्धा मोठी असेल तर मालिकावीरासाठी मोटरसायकल. कोपऱ्यात फलंदाजाचं चित्र, तेही आंतरराष्ट्रीय सामन्यातलं: हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज, सगळं अंगावर. फ्लेक्सच्या पलीकडे खाचरात प्रत्यक्ष खेळणारा पोरगा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि उलट्या टोपीवर उभा असतो.

पोरांना साहित्याचा कंटाळा आहे असं मात्र म्हणता येत नाही. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीत अनवाणी खेळणाऱ्या गावांतही नीकॅप आणि बूट दिसू लागले. गुडघ्याची काळजी अचानक वाढली नव्हती; टीव्हीवरचा चढाईपटू तसा दिसत होता. जाहिरातींकडे पाहता पाहता माझं मत झालंय की सुरक्षेची वस्तू विकणारा सुरक्षा विकतच नाही. तो त्या खेळाडूसारखं दिसणं विकतो. ‘दात पडतील’ असं सांगून अठरा वर्षांच्या पोराला काही विकता येत नाही, कारण थंड पेयाची जाहिरात त्याला कड्यावरून उडी मारायला शिकवत असते. ‘हे तज्ज्ञांनी केलेलं दृश्य आहे’ ही ओळ तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात.

म्हणून जे दिसतं तेवढंच खपतं. ग्लोव्हज दिसतात, नीकॅप दिसते. पँटच्या आतलं गार्ड आणि बंद तोंडातलं माउथगार्ड दिसत नाही, मग त्यांची जाहिरात कोण करणार?

आपण मोठी माणसंही जाहिरातच करतो. २००२ मध्ये अँटिग्वात जबडा मोडलेला असताना, तोंडाला पट्टी बांधून कुंबळेनं गोलंदाजी केली, हे प्रत्येक पोराला पाठ आहे. १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असलेला रमण लांबा डोक्याला चेंडू लागून गेला, हे किती जणांना कुणी सांगितलंय? बक्षिसाच्या मोटरसायकलवर विजेता मैदानाला फेरी मारतो, मागे दोन मित्र, तिन्ही डोकी उघडी. नव्या दुचाकीसोबत हेल्मेट द्यायचा नियम आहे. ते बक्षीस समारंभात मी तरी पाहिलेलं नाही.

मोहानं का होईना, पोरगं पॅड बांधत असेल तर माझी तक्रार नाही. पण नुसत्या मोहावर आयसीसीलाही भागवता आलं नाही. जून २०२३ पासून वेगवान गोलंदाजीसमोरचा फलंदाज, यष्टींजवळ उभा यष्टिरक्षक आणि फलंदाजासमोर अगदी जवळ उभा क्षेत्ररक्षक यांना हेल्मेटची सक्ती झाली. आपल्या चेंडूला लेदरचा मार नसेल, पण जड टेनिस चेंडू जवळून डोळ्यावर बसला तर तो लेदरचा नव्हता म्हणून डोळा वाचत नाही.

प्रवेश फी, षटकं, ‘पंचांचा निर्णय अंतिम’ हे सगळं फ्लेक्सवर असतंच. तिथे यष्टिरक्षकाच्या हेल्मेटची एक ओळ वाढवावी आणि हेल्मेट कमिटीनं पुरवावं. पैशांची अडचण असेल तर त्यावर शुभेच्छुकांचं नाव छापा. यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात गोलंदाजामागच्या कॅमेऱ्याला प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक दिसतो. एवढा वेळ तर चौकातल्या फ्लेक्सकडेही कुणी पाहत नाही.