रँकिंगआधी सातबारा बघा!

घर नारायणगावच्या टोमॅटोवर किंवा मंचरच्या कांद्यावर चालतं आणि फायनान्सच्या मास्टर्ससाठी परदेशी जायचंय? मग रँकिंगआधी कर्जाचं गणित मांडा. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शेतजमीन २००२ च्या सरफेसी कायद्याच्या वसुलीतून वगळलेली, त्यामुळे नुसत्या सातबाऱ्यावर अनेक बँका नाक मुरडतात.

आता देश. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना नोकरीसाठी दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार. अमेरिकेत सध्या १२ महिने. कोर्स ‘स्टेम’ यादीत असेल तर आणखी २४. म्हणून विद्यापीठाला पहिला प्रश्न हाच विचारा : कोर्स ‘स्टेम’मध्ये आहे का? मुदत संपली तरी हप्ता थांबत नाही, आणि तो रुपयांत कमवून फेडणं जड जातं.