पंगत वाढा, पण पगाराचंही विचारा!

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नव्वदच्या दशकात चर्चच्या अन्नछत्रांत गर्दी वाढू लागली. पाद्रींनी चौकशी केली, तर रांगेत रोज कामाला जाणारी माणसंही निघाली. काही जण तर कंत्राटदाराकडून शहर प्रशासनाचंच काम करणारे!

आणखी एक पातेलं चढवून पुण्य पदरात पाडून घेता आलं असतं. पण तिथल्या 'बिल्ड' या चर्चच्या संघटनेनं कामगार युनियनला सोबत घेऊन थेट प्रशासनाला धरलं. १९९४ साली कायदा झाला: शहराचं सेवा-कंत्राट हवंय? मग कामगाराला ठरलेली मजुरी द्या. सुरुवात तासाला ६.१० डॉलरपासून. देशाचं किमान वेतन तेव्हा ४.२५ डॉलर होतं. २००१ पासून पूर्व लंडनमध्येही चर्च, मशिदी आणि युनियन मिळून हीच मागणी करू लागले.

आता आपलं बघा. भंडारा, लंगर, महाप्रसाद, अन्नदानात आपण कुठेच कमी नाही. पण देवळासमोरचा रस्ता पहाटे झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हातात पूर्ण पगार पडतो का, हे ट्रस्टी, महाराज, मौलाना, फादर कधी एकत्र येऊन विचारतात?

'धर्मात राजकारण कशाला?' असं कुणी म्हणेल. अहो, राज्यघटनेच्या कलम ४३ मध्येच निर्वाह वेतनाचं उद्दिष्ट आहे. फक्त ते मार्गदर्शक तत्त्व, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. म्हणूनच लोकांनी रेटा लावायचा.

दिवसभर राबणाऱ्याला फुकटच्या जेवणासाठी रांग लावावी लागत असेल, तर त्याच्या मजुरीतला घास कुणीतरी आधीच खाल्लाय. तो कोण, हे तरी विचारूया.